कावेरीकाठचे कापड, नाइलकाठचा पेहराव

तंजावरहून कुंभकोणमला निघालेली पॅसेंजर गाडी अय्यमपेट सोडते, पंडारवाडैला थांबते आणि मग पापनाशमला येते. दोन्ही बाजूंना कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती, मधूनमधून देवळांची गोपुरे आणि पंडारवाडै-राजगिरीच्या बाजूला मशिदींचे मिनार. ही दोन्ही गावे पापनाशम तालुक्यातली जुनी मुस्लिम वस्तीची गावे. शुक्रवारच्या नमाजानंतर इथल्या रस्त्यावर जे कपडे दिसतात, ते नीट पाहण्यासारखे असतात. कुणी पांढरी शुभ्र वेष्टी नेसलेला, कुणी चौकड्यांच्या लुंगीत. तिला इकडे ‘कैली’ म्हणतात. कुणाच्या अंगात आखातातून आणलेला घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, डोक्यावर विणलेली जाळीदार टोपी. बाजारातून येणाऱ्या बहुतेक तरुण मुली काळ्या अबायात. एखादी आजी मात्र रंगीत साडीवरून पांढरी सुती ‘तुप्पट्टी’ पांघरून चाललेली.

यातले ‘अरबी’ कोणते आणि तमिळ कोणते, हे सांगणे दिसते तितके सोपे नाही.

अरबी पोशाख म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर रुमाल आणि त्यावर काळी दोरी. इजिप्त म्हटले की पिरॅमिडच्या भिंतींवरच्या आकृत्या. या दोन चित्रांच्या मध्ये पाच हजार वर्षे पसरलेली आहेत. त्या काळात नाइलच्या खोऱ्यात आणि अरबस्तानात कपडा किती वेळा बदलला, कुणाच्या हुकमाने बदलला, कुठल्या बंदरातून आला, हा इतिहास विलक्षण आहे. आणि त्यातल्या फार मोठ्या भागात भारतीय कापूस आहे. अरबी पोशाखाचा इतिहास अर्धा आपल्या मागांवर विणला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

सुरुवात मात्र कापसाने होत नाही, जवसाने होते. प्राचीन इजिप्तचे वस्त्र म्हणजे लिनन, जवसाच्या झाडाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे कापड. झाड कोवळे असताना उपटले तर तलम धागा मिळे, जून झाल्यावर उपटले तर दोरखंडाचा. लिननवर रंग सहज चढत नाही, पण उन्हात ते सुंदर पांढरे होते. म्हणून भित्तिचित्रांतले इजिप्शियन लोक बहुधा पांढऱ्या कपड्यांत दिसतात. पुरुष कमरेला आखूड वस्त्र गुंडाळत, स्त्रिया छातीपासून घोट्यापर्यंतचे सरळ वस्त्र नेसत. श्रीमंतांच्या कपड्यांना बारीक चुण्या असत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे गेलेल्या हिरोडोटसने लिहून ठेवले आहे की लोकरीचे वस्त्र देवळात नेणे किंवा प्रेतासोबत पुरणे तिथे निषिद्ध होते. याच ग्रंथात पुढे तो हिंदुस्थानातल्या झाडांना येणाऱ्या, मेंढीच्या लोकरीहून सरस अशा ‘लोकरी’बद्दल सांगतो. तो कापूस.

जगात आज टिकून असलेला विणलेल्या कापडाचा सर्वांत जुना शिवलेला पोशाख इजिप्तचाच आहे. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने कैरोच्या दक्षिणेला तारखान येथे उत्खनन केले, तेव्हा १९१३ मध्ये मळक्या चिंध्यांचा एक गठ्ठा लंडनला पाठवला. तो साठ-पासष्ट वर्षे तसाच पडून होता. १९७७ मध्ये कापडतज्ज्ञांनी तो उलगडला, तेव्हा आतून बाह्यांवर आणि खांद्यांवर बारीक चुण्या घातलेला एक लिननचा अंगरखा निघाला. कोपरांपाशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्या होत्या. कुणीतरी डोक्यावरून ओढून काढावा तसा तो उलटा झालेला होता. पुढे कार्बन-चाचणीने त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ असा ठरला. म्हणजे पहिला पिरॅमिड उभा राहण्याच्या कितीतरी आधी नाइलच्या काठी कुणी सडपातळ व्यक्ती हा कपडा रोज घालत होती. १९२२ मध्ये उजेडात आलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात सोन्याच्या मुखवट्याबरोबर शंभराहून अधिक लंगोटवजा वस्त्रे, हातमोजे आणि अंगठा वेगळा ठेवणारे पायमोजेही सापडले. सोन्याची छायाचित्रे जगभर गेली. कपड्यांकडे अभ्यासकांचे नीट लक्ष जायला फार वर्षे लागली, हे खेदाचेच.

इजिप्तवर रोमन राज्य आले आणि तांबड्या समुद्रातून थेट भारताकडे मोठ्या संख्येने जहाजे निघू लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने या मार्गाची माहितीपुस्तिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात दक्षिण भारतातल्या ‘अर्गारू’ या ठिकाणच्या तलम सुती कापडाचा खास उल्लेख आहे. अर्गारू म्हणजे उरैयूर, चोळांची जुनी राजधानी. आजच्या तिरुचिरापल्लीचा एक भाग. पापनाशमपासून ते पश्चिमेला ऐंशी-एक किलोमीटरवर, त्याच कावेरीच्या काठी. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू इथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरने उत्खनन केले, तेव्हा विटांच्या टाक्या सापडल्या. कापड रंगवण्यासाठी त्या वापरात असाव्यात असा त्याचा निष्कर्ष होता.

इकडून गेलेल्या मालाची दुसरी बाजू इजिप्तच्या वाळवंटात सापडली. तांबड्या समुद्राच्या काठच्या बेरेनिके या ओसाड बंदरात गेल्या काही दशकांच्या उत्खननात भारतीय कापसाचे कापड मिळाले, जहाजाच्या शिडांचे तुकडे मिळाले, भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. उत्तरेच्या कुसैर अल-कदीम या बंदरात तमिळ-ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली खापरे सापडली. कावेरीच्या मुलखातली माणसे आणि त्यांचे कापड, दोन्ही तिथवर पोचले होते.

नाइलच्या खोऱ्यातला रोजचा कपडा या काळात बदलत होता. गुंडाळण्याच्या वस्त्रांची जागा अंगरख्यासारख्या, डोक्यातून घालायच्या ट्युनिकने घेतली. इजिप्तच्या ख्रिस्ती समाजाच्या, म्हणजे कॉप्ट लोकांच्या थडग्यांत असे शेकडो ट्युनिक सापडले आहेत. लिननच्या पांढऱ्या कापडावर लोकरीच्या रंगीत पट्ट्या, त्यात द्राक्षवेली, ससे, नर्तकी विणलेल्या. मुख्य कापड पांढरे ठेवायचे आणि रंग पट्ट्यांतून आणायचा, ही युक्ती लिननच्या स्वभावातूनच आली.

सातव्या शतकात, ६३९ ते ६४२ या काळात, अरबांनी इजिप्त जिंकले. जिंकणाऱ्यांचा स्वतःचा पोशाख त्या वेळी साधा होता. कमरेला ‘इझार’, खांद्यावर ‘रिदा’, डोक्याला गुंडाळलेले कापड, आणि शिवलेला अंगरखा असलाच तर एखादा. हज यात्रेला जाणारा पुरुष आजही मक्केत शिरताना शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रे अंगावर घेतो, एक कमरेला आणि एक खांद्यावर. धोतर-उपरण्यात पूजेला बसलेल्या माणसाला ही जोडी परकी वाटणार नाही. उष्ण मुलखात माणसाने कापड कापण्याआधी गुंडाळायला शिकून घेतले, त्या काळाची ती राहिलेली खूण आहे.

साम्राज्य आले तसा दरबारी थाट आला. खलिफांच्या राज्यात ‘तिराझ’ नावाच्या सरकारी विणशाळा निघाल्या. तिथल्या कापडाच्या काठावर खलिफाचे नाव, आशीर्वादाचे शब्द, कधी विणशाळेचे ठिकाण आणि साल भरलेले किंवा विणलेले असे. हे कापड बाजारातून उचलून आणायचे नसे. ते राजाकडून मिळायचे, आणि अंगावर घालणाऱ्याचे दरबारातले स्थान त्या काठावरून कळायचे. अशा कापडासाठी सर्वांत नावाजलेले ठिकाण होते तिन्निस, नाइलच्या मुखाजवळच्या सरोवरातले एक बेट. नासिर खुस्रो हा फारसी प्रवासी १०४७ च्या सुमारास तिथे होता. फारसच्या राजाने एक शाही पोशाख विकत आणण्यासाठी वीस हजार दिनार देऊन माणसे पाठवली, ती तिथे वर्षानुवर्षे थांबली आणि तरीही त्यांना तो मिळाला नाही, असे त्याच्या कानावर आले होते. इजिप्तमध्ये मृतांना कधी कधी तिराझ कापडात गुंडाळून पुरत. त्यामुळेच त्याचे इतके तुकडे आज संग्रहालयांत आहेत.

दरबारात मानाचा पोशाख चढवण्याची प्रथा ‘खिलत’ म्हणून पुढे इराण, मध्य आशिया आणि मोगल दरबारापर्यंत पसरली. मराठी इतिहासात या प्रथेची आठवण १२ मे १६६६ शी बांधलेली आहे. आग्र्याच्या दरबारात शहाजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला खिलती दिल्या गेल्या, शिवाजीराजांना नाही. त्यानंतर महाराजांचा जो संताप उसळला, तो साऱ्या दरबाराने पाहिला. बगदाद-कैरोच्या दरबारांत घडलेली ही कापडाची भाषा आग्र्यात प्रत्येकाला समजत होती, म्हणून तो अपमान इतका उघड होता.

महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापले आणि पापनाशमचा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली आला. तंजावर शैलीच्या चित्रांत हे राजे पातळ पांढऱ्या जाम्यात, कमरेला शेला बांधून, रत्नजडित शिरपेचासह दिसतात. जामा इराणी-मोगल वळणाचा, कापड दक्षिणेचे, दागिने तंजावरचे. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांच्या राजवाड्यातल्या संगमरवरी पुतळ्याच्या डोक्यावरचे टोकदार शिरोभूषण पाहिले, तर पुण्याच्या पगडीपासून हे घराणे किती वेगळ्या वाटेने गेले ते कळते. याच घराण्यातल्या प्रतापसिंहांनी अठराव्या शतकात नागोरच्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याला १३१ फुटी मनोरा बांधून दिला. पंडारवाडै-राजगिरीची माणसे ज्या दर्ग्याच्या उत्सवाला जातात, तिथला सर्वांत उंच मनोरा मराठ्यांनी बांधलेला आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात अधिक माहीत असायला हवी.

आता पुन्हा कैरो. जुन्या कैरोच्या फुस्तात या भागातल्या उकिरड्यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत कापडाचे तुकडे बाजारात येऊ लागले. कोरड्या हवेने ते जपले होते. त्यावरचे छाप पाहून फ्रेंच अभ्यासक पफिस्तर यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले की हे कापड इजिप्तचे नाही, भारतातले आहे. बहुतेक गुजरातचे: निळीच्या गडद निळ्या आणि तांबड्या रंगात ठशांनी छापलेले, हंसांच्या रांगा, फुले, वेली, ठिपके. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात इजिप्ततज्ज्ञ पर्सी न्यूबेरी यांनी जमवलेले असे सुमारे १२०० तुकडे आहेत. रूथ बार्न्स यांनी १९९७ मध्ये त्यांची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. या तुकड्यांवर शिवणी आहेत, ठिगळे आहेत, झिजलेल्या कडा आहेत. दरबारी रेशीम नव्हते ते. मध्ययुगीन कैरोतला साधा माणूस जे घालत होता, ज्याचे अस्तर करत होता, ज्यात आपली मुले गुंडाळत होता, ते हे कापड. भारतीय छिटाने युरोप वेडावला ते सतराव्या शतकात, आणि ती कथा सगळे सांगतात. फुस्तातची कथा तिच्या कितीतरी शतके आधीची आहे.

त्याच फुस्तातमध्ये बेन एझ्रा या ज्यू प्रार्थनामंदिराच्या कोठीत शेकडो वर्षे टाकून दिलेले कागद साठत गेले होते. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या अभ्यासकांनी त्यातले बहुतेक केंब्रिजला नेले. एस. डी. गॉइटाइन यांनी आयुष्य वेचून त्यातून मध्ययुगीन कैरोतले रोजचे जीवन उभे केले. यात लग्नाच्या याद्या आहेत. नवरीबरोबर येणारा प्रत्येक कपडा, त्याचा रंग, त्याची दिनारांतली किंमत, सगळे ओळीने लिहिलेले. भरजरी झगे, ओढण्या, डोक्याचे रुमाल, निळे, जांभळे, डाळिंबी. बाईच्या संपत्तीचा मोठा भाग पेटीतल्या कपड्यांत असे आणि अडचणीत तो विकता येई. कपडा हीच बचत. याच कागदांत अब्राहम बेन यिजू भेटतो. हा ट्युनिशियातला व्यापारी बाराव्या शतकात, साधारण ११३२ ते ११४९, मंगळूरला राहिला आणि एडन-कैरोशी पत्रव्यवहार करत राहिला. लिहिणारा ज्यू, लिपी हिब्रू, भाषा अरबी, माल भारताचा.

कपड्याने माणसे जोडली तशी ओळखून वेगळीही काढली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाने १३०१ मध्ये हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांनी निळे फेटे बांधावेत, ज्यूंनी पिवळे, सामरी लोकांनी तांबडे. पांढरा फेटा मुसलमानांचा. रस्त्यात समोरून येणारा कोण, हे दुरूनच कळावे हा हेतू. हे हुकूम सैल पडत आणि पुन्हा काढावे लागत, म्हणजे एरवी लोक एकसारखेच कपडे घालत होते. भारतात असा रंग फारसा लादला गेला नाही, पण खुणा इथेही होत्या. मोगल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजवीकडे बांधत आणि हिंदू डावीकडे. केरळ-तमिळनाडूत वेष्टीचे टोक मुसलमान डावीकडे घेतात, हिंदू उजवीकडे. कापड तेच, माग तोच, विणकरही बहुधा एकच. फरक फक्त शेवटच्या वळशाचा.

एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा रस्ता पुन्हा बदलला. तिथला सत्ताधीश मुहंमद अली (१८०५–१८४८) याने लांब धाग्याच्या कापसाची लागवड वाढवली, गिरण्या काढल्या. इस्तंबूलच्या सुलतानाने १८२९ मध्ये फेट्याऐवजी तांबडी गोंडेदार टोपी, म्हणजे तरबूश, अधिकाऱ्यांना सक्तीची केली. कैरोतही शिकलेल्या नोकरदार माणसाची खूण सूट आणि तरबूश हीच झाली. त्याच काळात कैरोत राहिलेल्या एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कपड्यांवर पानेच्या पाने लिहिली आहेत: शहरी पुरुषाचा रेशमी कफ्तान, त्यावरचा जुब्बा, घरातल्या बाईची पायघोळ विजार, बाहेर पडताना तिच्या अंगावर येणारे काळे आवरण आणि तोंडावरचा बुरखा. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र निळीत बुडवलेला एक सदरा. शेतात राबणाऱ्या बायकांना तोंड झाकून चालणारच नव्हते. तोंडावरचा पडदा ही त्या काळी सुखवस्तू शहरी घराची खूण होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू असताना तिथला कापूस बंद झाला आणि दोन शहरांवर पैशाचा पाऊस पडला, मुंबई आणि अलेक्झांड्रिया. युद्ध संपताच दोन्हीकडे भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचे साम्राज्य ढासळले, नाइलच्या खोऱ्यात शेतकरी कर्जात बुडाला. तिथल्या शेतकऱ्याच्या रुंद गळ्याच्या, सैल बाह्यांच्या झग्याचे, म्हणजे गल्लाबिय्याचे, सूत आता त्याच्याच शेतातल्या कापसाचे असू शकत होते, पण भाव लिव्हरपूलला ठरत होता.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. इजिप्तमधल्या स्त्रीहक्क चळवळीच्या पुढारी हुदा शारावी रोमच्या महिला परिषदेहून १९२३ मध्ये परतल्या आणि कैरोच्या स्थानकावर त्यांनी चेहऱ्यावरचा पडदा दूर केला. डोक्यावरचे वस्त्र मात्र राहू दिले. अतातुर्कने १९२५ मध्ये तुर्कस्तानात तरबूशवर बंदी घातली. १९३२ मध्ये अंकाऱ्याच्या मेजवानीत इजिप्तच्या राजदूताला त्याने टोपी काढायला लावली, तेव्हा दोन देशांत राजनैतिक पेच उभा राहिला. आणि १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तमध्येही तरबूश जुन्या राजवटीची वस्तू ठरून मागे पडला. सव्वाशे वर्षांच्या आत एक टोपी नवी, प्रतिष्ठित आणि कालबाह्य अशी तिन्ही झाली.

वाळवंटातल्या अरबांचा पोशाख या शहरी घडामोडींपासून बराच दूर होता. झगा, खांद्यावर जाड अबा किंवा बिश्त, डोक्यावर चौकोनी रुमाल आणि तो जागेवर ठेवणारी दोरी. या पोशाखाचे शहाणपण मोजूनही पाहिले गेले आहे. सिनाईचे बेदूइन रणरणत्या उन्हात काळे झगे का घालतात, हा प्रश्न घेऊन काही शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. तो १९८० मध्ये ‘नेचर’ मासिकात आला. काळे कापड जास्त उष्णता शोषते हे खरे ठरले. पण सैल झग्याखाली हवा खेळत राहते आणि ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, त्यामुळे काळ्या आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसाला सारखाच ताप होतो. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा.

देशागणिक फरक आहेत. ओमानी पुरुष भरतकाम केलेली गोल ‘कुम्मा’ टोपी घालतात आणि समारंभाला काश्मिरी वळणाच्या लोकरी शालीचा फेटा बांधतात. अमिरातीतल्या झग्याच्या गळ्याला गोंडा लोंबतो. पॅलेस्टाइनमध्ये बायकांच्या झग्यावरचे टाक्यांचे नक्षीकाम पाहून गाव ओळखता येई; ती कला युनेस्कोने २०२१ मध्ये आपल्या यादीत घेतली. तिथल्या शेतकऱ्यांचा काळा-पांढरा रुमाल १९३६–३९ च्या उठावात राजकीय खूण झाला. आखातातल्या उत्तम पांढऱ्या झग्यांचे कापड तर आज मोठ्या प्रमाणावर जपानी गिरण्यांतून येते.

आणि येमेन? तिथे पुरुष आजही लुंगी नेसतात. फुता किंवा मआवझ. येमेनच्या हद्रमौत भागातले लढवय्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये आले. निजामाच्या, पेशव्यांच्या, नागपूरकर भोसल्यांच्या फौजांत त्यांच्या तुकड्या होत्या. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवला तो अरबांनी. मराठवाड्यात चाऊस हे आडनाव ऐकले की या इतिहासाची आठवण व्हावी. हैदराबादच्या बारकस वस्तीत हद्रमी वंशाचे लोक अजूनही रंगीत लुंगी अभिमानाने नेसतात. म्हणजे दख्खनमध्ये अरबाची जुनी ओळख पांढरा झगा ही नव्हतीच. ती होती लुंगी, रुंद कमरपट्टा आणि त्यात खोवलेला वाकडा जांबिया.

तमिळ किनाऱ्यावरही तेच. मरक्कायर व्यापारी, राऊतर, लब्बै या मुस्लिम समाजांनी अरबस्तानाशी आणि मलायाशी शतकानुशतके संबंध ठेवले, पण कपडे कोरोमंडलच्या मागांवरचेच घातले. पुलिकतच्या चौकड्यांची लुंगी इथून आग्नेय आशियाभर गेली. तिकडून परतणाऱ्यांनी काळी मखमली टोपी आणली. बायकांचे वस्त्र साडी, आणि बाहेर जाताना तिच्यावर पांढरी तुप्पट्टी. मर्यादा पाळण्याची ही रीत स्थानिक सुती कापडात, स्थानिक हवामानाला साजेशी घडली होती. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाताची दारे उघडली, घरटी माणूस तिकडे गेला, आणि येताना सामानात काळा अबाया आला. तो घालायला सुटसुटीत आहे, साडीसारखा सांभाळावा लागत नाही, कॉलेजला आणि नोकरीला जाताना सोयीचा पडतो. मुलींनी तो पसंत केला याला ही कारणे आहेत आणि ती समजून घ्यायला हवीत. तरीही तुप्पट्टी जाते आहे याची हळहळ वाटते. अबायालाच जुना, खरा पोशाख समजले जाते, आणि कित्येक पिढ्या वापरलेले पांढरे वस्त्र गरिबीची किंवा अडाणीपणाची खूण ठरते, हे इतिहासाला धरून नाही. दारासुरम-तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांची कौतुके होतात, पुस्तके निघतात. तुप्पट्टीची लांबी-रुंदी, वीण, ती पांघरण्याच्या गावोगावच्या तऱ्हा ज्यांना ठाऊक आहेत त्या बायका आता वयस्क आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याची वेळ हीच आहे.

इजिप्तशी थेट नाते सांगणारा पोशाख पाहायचा तर मुंबईत भेंडीबाजारात जावे. दाऊदी बोहरा समाज आपली धार्मिक परंपरा फातिमी खलिफांपर्यंत नेतो, ज्यांनी ९६९ मध्ये कैरो वसवले. ही परंपरा येमेनमार्गे गुजरातला आणि शेवटी मुंबईला आली. समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची भेंडीबाजारातली कबर, रौदत ताहेरा, फातिमी कैरोच्या वास्तुशैलीत बांधली आहे. पुरुषांचा पांढरा कुर्ता, त्यावरचा साया आणि सोनेरी पट्ट्याची विणलेली टोपी. बायकांचा दोन भागांचा, लेस लावलेला, फिकट निळा, गुलाबी, पिस्त्यासारखा हिरवा रिदा. हा रिदा साऱ्या समाजात रूढ झाला १९८० च्या सुमारास. परंपरा हजार वर्षांची, पण तिला अंगावर दिसेल असे रूप मिळाले चार-पाच दशकांपूर्वी, आणि ते शिवले जाते मुंबई-सुरतच्या शिंप्यांकडे.

कैरोतली फातिमी काळातली अल-हाकिम मशीद १०१३ मध्ये पूर्ण झाली. ज्या खलिफाच्या नावाने ती आहे, त्याच्या काळात बायकांनी बाहेर पडू नये म्हणून चांभारांना त्यांची पादत्राणे करण्याची मनाई होती, असे मध्ययुगीन इतिहासकारांनी नोंदवले आहे. पुढे ती मशीद पडझडीला आली. तिचा वापर कधी तुरुंग म्हणून झाला, कधी कोठार म्हणून. बोहरा समाजाने १९८० मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि अलीकडे पुन्हा एकदा दुरुस्ती करून २०२३ मध्ये ती खुली झाली. त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिला भेट दिली, तेव्हा स्वागताला बोहरा मंडळी उभी होती. मुंबई, पुणे, सुरतहून जाणाऱ्या बोहरा यात्रेकरूंमध्ये बायकाही असतात, आणि त्या पांढऱ्या संगमरवरी अंगणात गुलाबी-निळ्या रिद्यांत वावरताना दिसतात. कैरोच्या गल्लाबिय्या आणि हिजाबांच्या गर्दीत स्थानिक लोक त्यांना या कपड्यांवरूनच ओळखतात: हिंदुस्थानातून आलेले.